पहिली हाक

त्या दरीतले धुके कधीच उठत नसे. तिथल्या पाखरांना डोळे होते, पण वाट दाखवायचा तो पडसाद. पाखरू हाक देई, हाक कड्यावर आपटून परत येई. लवकर आली तर कडा जवळ, उशिरा आली तर लांब. ससाणेही अशीच हाक टाकून पारव्यांचा माग काढीत. मारणारा आणि मरणारा, दोघेही एक गोष्ट मानीत, की कडा खोटे बोलत नाही.

म्हणून दरीत एक रीत होती. कुणाचेही पिल्लू पहिल्यांदा उडायला कपारीच्या काठावर आले, की सगळ्यांनी चोच मिटायची. आईबापांनी समोरच्या कड्यावर गप्प बसायचे. पिल्लाने हाक द्यायची, उत्तर कड्याने द्यायचे. पिल्लू ससाण्याचे असले तरी पारवे गप्प बसत, आणि पारव्याचे असले तर भुकेला ससाणाही.

एका वर्षी ससाणे फार माजले. पारव्यांच्या म्होरक्याने हुकूम काढला, की ससाण्याची हाक आली रे आली, की सगळ्यांनी एकदम ओरडायचे, म्हणजे त्याला काही उमगणार नाही. उमगले नाही खरे, पण जिथून गलका येतो तिथे झडप घालायला अक्कल कशाला लागते? सगळ्यात मोठ्याने ओरडणारे सगळ्यात आधी गेले. त्यांच्यासोबत पारव्यांच्या शेजारी घरटे केलेली एक कोतवालीणही गेली. तिच्या मागे तिचा नवरा आणि सानी नावाची पिसे न फुटलेली लेक राहिली.

कोतवाल पक्षी नकलेत मुळातच पटाईत. हा तर दुःखाने पेटलेला. त्याने ससाण्याची हाक ऐकली, क्षणभर गळ्यात धरून ठेवली, आणि मग खऱ्या पडसादाला झाकून टाकील अशा जोराने परत सोडली. ससाण्याला कडा होता त्याहून लांब भासला. तो पूर्ण वेगाने आला आणि दगडावर फुटला.

त्या दिवसापासून पारव्यांना सुखाची झोप लागली. म्होरक्या त्याला ‘कोतवालराव’ म्हणू लागला, आणि तरणे कोतवाल त्याच्याकडे ती विद्या शिकायला येऊ लागले. कोतवालालाही मान आवडला. कुणाला आवडत नाही?

मग एका सकाळी वरच्या, ससाण्यांच्या कपारीतून एक हाक आली. बारीक, कापरी, मध्येच तुटलेली. पारव्यांनी सवयीने चोची मिटल्या.

म्होरक्या कोतवालाच्या कानाशी कुजबुजला, “कोतवालराव, उत्तर द्या.”

“पिल्लू आहे हो. पहिली हाक आहे त्याची.”

“आज पिल्लू आहे. उद्या तुमच्या सानीच्या मागे लागेल, तेव्हा काय त्याला वय विचारणार आहात?”

कोतवालाने ती हाक गळ्यात धरली. ती इतकी हलकी होती, की धरायला जोर लागलाच नाही. त्याने ती उशिरा सोडली.

पिल्लू कोतवालाच्या पायाखालच्याच दगडावर आपटले. आवाज अगदी लहान झाला. कुणी जयजयकार केला नाही. दिवसभर ससाणीण हाका मारत दरीत फिरत राहिली, आणि कडा तिला प्रत्येक वेळी खरे तेच सांगत राहिला, की इथे दगड आहे, दगडच आहे. कोतवालाने पंखात तोंड खुपसले. त्याला स्वतःच्या गळ्याची लाज वाटली. ती लाज पाण्याने धुतली जाईना, मानाने झाकली जाईना. त्याने ते काम सोडले. पण सोडल्याचे सांगणार कुणाला, आणि त्याच्या आवाजात सांगितलेले खरे मानणार कोण?

दिवस गेले. सानीला पंख फुटले. ती काठावर आली, तसा कोतवाल समोरच्या कड्यावर जाऊन बसला. पारवे गप्प झाले. वर ससाणीण बसली होती. तिचे पिल्लू जिथे आपटले होते, त्याच्या थोडी वर. तिनेही चोच मिटली. ते जाणवून कोतवालाची मान खाली गेली.

सानीने हाक दिली. कड्याने उत्तर दिले.

सानी उडाली नाही. धुक्यातून तिचा आवाज आला, “बाबा, हा कडा बोलला की तुम्ही?”

“कडाच बोलला गं, सानी. मी गप्प होतो.”

“त्या पिल्लालाही कडाच बोलला असं वाटलं असेल ना?”

रीत मोडून कोतवाल कळवळून ओरडला, “आईशप्पथ सांगतो, बाळा! मी इथंच आहे. माझ्या आवाजावर ये!”

सानीने ते नीट ऐकून घेतले. ते किती लांबून आले हेही तिने मोजले असावे. मग तिने पसरलेले पंख आवरून पाठीशी घट्ट मिटले, आणि चोचीने दगड चाचपत, एकेक पाऊल टाकत, ती कड्याच्या कडेकडेने चालू लागली.

दरी अजून गप्पच होती. त्या शांततेत तिच्या चोचीची टकटक तेवढी ऐकू येत होती. कोतवाल कान देऊन बसला. ती जवळ येते आहे की लांब जाते आहे, हे त्याला काही केल्या कळेना.