चिमाक्काचं एक खोटं

नदीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या गावाला जायचं तर पोहणाऱ्या म्हशीची शेपटी धरून जावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. नदीच्या वळणावर शेवरवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात चिमाक्का राहायची. ती वैद्य नव्हती, मांत्रिकही नव्हती. औषध द्यायला डोंगराखालचा वैद्य यायचा, पण तो पुड्या देऊन निघून जायचा. मागं आजाऱ्याजवळ राहायचं काम चिमाक्काचं. कूस बदलायची, ओठ ओले करायचे, पेज भरवायची, घाण काढायची, आणि बसायचं.

असं म्हणतात की तिच्या हाताला गुण होता. तापलेल्या कपाळावर तिनं तळवा ठेवला की ताप हळूहळू तिच्या हातात उतरायचा. मग ती बाहेर येऊन दगडी डोणीत हात बुडवायची आणि डोणीतलं पाणी वाफाळायचं. त्या पाण्यात गावातल्या बायका भात शिजवून घ्यायच्या, असंही कुणी सांगतं. ते मात्र मागाहून कुणीतरी जोडलं असावं.

या गुणाला दोन अटी होत्या. एकदा हात ठेवला की ताप उतरेपर्यंत तो उचलता येत नसे, म्हणून एका वेळी एकच माणूस. दुसरी अट तिच्या आईनं सांगितलेली. आईही हेच काम करायची. जाताना ती लेकीला म्हणाली होती, "आजाऱ्याशी खोटं बोलशील, त्यापुढं एकच ताप उतरेल, मग तुझा हात नुसता हात राहील."

ही अट पाळणं सोपं नव्हतं. एकदा बाळा सुताराचा म्हातारा बाप अंथरुणाला खिळला. बाळानं चिमाक्काला अंगणातच गाठून सांगितलं की म्हाताऱ्याला धीर दे, बरा होशील म्हण. चिमाक्का आत गेली. म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, उठतो का गं मी यातनं?"

"न्हाई, बाबा," चिमाक्का म्हणाली. "पण मी हितंच बसते."

बाळा चिडला. आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. पण म्हातारा म्हणे हसला, नातवंडांना बोलावून घेतलं, रंधा कुणाला द्यायचा, करवत कुणाला, ते सांगितलं, आणि गुळाचा खडा मागून घेतला. तेव्हापासून शेवरवाडीत एक गोष्ट पक्की झाली. चिमाक्का बरं होशील म्हणाली तर माणूस निम्मा तिथंच बरा व्हायचा, कारण ती उगीच म्हणत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एका वर्षी तापाची साथ आली. घरोघर माणसं पडली. एकटी बाई किती घरं फिरणार? तेव्हा गावानं सगळ्या आजाऱ्यांना गुऱ्हाळघरात आणून ठेवलं. लांबलचक छप्पर, गुळाचा वास अजून भिंतींना चिकटलेला, आणि रस उकळायच्या काहिलीत आता पिण्याचं पाणी उकळत होतं. चिमाक्का दारात येऊन उभी राहिली. आत नुसता आकांत चालला होता. कुणी आईला हाक मारत होतं, कुणी देवाला, आणि बनाबाई मल्हारीला.

ही बनाबाई कोण, तर वरच्या आळीतल्या मल्हारीची बायको. तिचा आवाज एवढा मोठा की तिनं घरातून हाक मारली की शेतातला बैल थांबायचा. ती दाराजवळच पडली होती. चिमाक्का तिला ओलांडून पुढं गेली. पुढच्या दोघा-तिघांनाही ओलांडून गेली आणि कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून पडलेल्या एका परक्या मेंढक्याजवळ जाऊन बसली. तो हूं का चूं करत नव्हता. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

बनाबाई उसळली. "आम्ही काय दगडं हाय का गं, चिमे? घरची माणसं तडफडाय लागल्यात आन् तू त्या बिननावाच्याला कुरवाळती व्हय?"

चिमाक्का मान न वळवता म्हणाली, "वयनी, तुम्ही एवढं वरडताय म्हंजे तुमचा जीव अजून तुमच्या मुठीत हाय. ह्याची मूठ सुटाय लागलीया."

मेंढका वाचला. बनाबाईही वाचली. मेंढरं घेऊन तो गेला तेव्हा सगळं गाव त्याला पोचवायला नदीपर्यंत गेलं. बनाबाई गेली नाही. ती आपल्या ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला शहाणपण शिकवत राहिली. "पुढच्या खेपंला ताप आला की तोंड शिवून पडायचं. म्हंजे बया पळत येती."

लोक हसले. पण ऐकलेलं डोक्यात राहतंच.

काही वर्षं गेली आणि गव्हाच्या मळणीच्या दिवसांत ताप परत आला. यावेळी तो जास्त कडक होता. गुऱ्हाळघर पुन्हा भरलं. मल्हारी बनाबाईला पाठीवर घेऊन आला आणि तिला आतल्या अंगाला निजवलं. चिमाक्का दारात आली आणि थबकली.

आत चिडीचूप. माश्या घोंगावत होत्या तेवढाच आवाज. एवढी माणसं पडलेली, पण कण्हणं नाही, हाक नाही, पाणी मागणं नाही.

आता कुणाला वाटेल, ही सगळी लबाड माणसं होती. तसं नव्हतं. ताप सगळ्यांना होता आणि भीती तर त्याहून जास्त होती. प्रत्येकाला वाटत होतं, आपण बोललो की आपली पाळी मागं जाईल. पोर बोललं तर आई त्याच्यावर डोळे वटारायची. आणि इतकी वर्षं सगळ्यांनी चिमाक्काला काम करताना पाहिलं होतं. ती काय बघते हे त्यांना पाठ होतं. कुणी श्वास बारीक केला होता, कुणी पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या, कुणी ओठ सुकू दिले होते.

चिमाक्काला, असं म्हणतात, भिंतीपलीकडच्या माणसाचा श्वासही ऐकू यायचा. तिला कळलं की या छपराखाली एक श्वास तुटत चाललाय. पण कुणाचा? बाकीच्यांनी आपापले श्वास असे दाबून धरले होते की तो एक कुठून येतोय ते लागेना. ती रांगेतून फिरली. चेहरे पाहिले, नखं पाहिली. हात लावून बघावं तर ज्याला लावेल त्याच्याजवळच अडकेल, आणि तोवर तो एक जाईल.

शेवटी तिनं सरळ विचारलं, "बाबांनो, खरं सांगा. कुणाला बोलता येतंय?"

कुणी बोललं नाही.

मल्हारी भिंतीला टेकून बसला होता. बनाबाई त्याच्या शेजारी गप्प पडलेली. शेजारच्यानं खुणेनं तिच्याकडं बोट दाखवलं, तसा मल्हारी हळूच म्हणाला, "सोंग करतीया. जन्मात पहिल्यांदा गप्प बसलीया, ऱ्हाऊ दे जरा." आणि दोघं तोंडावर हात ठेवून हसले.

चिमाक्का बाहेर गेली. डोणीत तिनं दोन्ही हात धुतले. तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल? काही जण म्हणतात, तिनं उजवा हात डाव्या हातात घेऊन थोडा वेळ नुसता धरला. काही जण म्हणतात, आईची क्षमा मागितली. पण ती फार वेळ बाहेर राहिली नाही. वेळ नव्हता.

दारात येऊन ती म्हणाली, "खळ्याला आग लागलीया."

ती ओरडली नाही. तिला ओरडायची गरजच नव्हती. जन्मात जी बाई खोटं बोलली नाही, तिचं बोलणं कोण तपासून बघणार? एका क्षणात छप्पर उठलं. वर्षाचा गहू खळ्यावर पडला होता. ज्यांना पळता येत होतं ते पळाले, ज्यांना चालता येत होतं ते चालले, काही नुसतेच कोपरावर उठले आणि "आमचं बी खळं का?" म्हणून विचारू लागले. अगदी पोरांनीसुद्धा माना उचलल्या.

एक बनाबाई तेवढी हलली नाही.

मल्हारी दारापर्यंत पोचला होता. त्यानं मागं वळून पाहिलं, आणि त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं.

चिमाक्का तिच्या उशाशी बसली आणि तिनं कपाळावर हात ठेवला. असं म्हणतात की ऊन कलेपर्यंत तो हात तसाच होता. तो ताप एवढा होता की चिमाक्काचा हात कोपरापर्यंत लाल झाला, आणि तिनं डोणीत हात बुडवला तेव्हा डोणीतलं सगळं पाणी उकळून आटलं. खाली कोरडा दगड राहिला.

तोवर माणसं खळ्यावरून परतली होती. धापा टाकत, चिडलेली, गोंधळलेली. त्यांच्यातला एक पुढं झाला. "आक्का, आग न्हाई कुठं."

"न्हाई," चिमाक्का म्हणाली. "खोटं बोलले मी."

मग एका बाईनं आपलं तापलेलं पोर चिमाक्कापुढं आणलं. चिमाक्कानं त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि सगळे बघत राहिले. काही झालं नाही. पोराचा ताप पोराजवळच राहिला. तो नुसता एका बाईचा हात होता, थोडा खरबरीत, कामाचा.

तेव्हा सगळ्यांना कळलं की त्यांच्या गप्प बसण्यानं काय गेलं.

चिमाक्कानं मात्र डोळ्याला पदर लावला नाही. ती म्हणाली, "ज्याला खळ्यापर्यंत पळता आलं, त्याला दुसऱ्याच्या उशाशी बसता येईल. पाणी आणा, फडकी आणा." आणि तिनं त्यांना शिकवलं. ओलं फडकं कसं पिळायचं, अवघडलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, पाणी चमच्यानं किती आणि कसं घालायचं. त्या साथीत गावातली किती माणसं गेली आणि किती राहिली, यावर शेवरवाडीत एकमत नाही. काही गेली हे खरं. पण एकटं कुणी गेलं नाही, याबद्दल सगळे एकच सांगतात.

बनाबाई उठून बसायला लागली तेव्हा मल्हारीनं तिला सगळं सांगितलं. मग दिवेलागणीला ती भिंत धरत धरत उंबऱ्याशी आली आणि तिच्या त्या बैल थांबवणाऱ्या आवाजात ओरडली, "मी बरी हाय गं! तुझं सांग!"

शेजारणीनं ओ दिली, "मी बी बरी हाय!" आणि तिनं पुढच्या घराला विचारलं.

चिमाक्का पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि साध्या हातानं माणसांजवळ बसत राहिली. त्या हातात गुण परत आला का? काही म्हाताऱ्या म्हणतात, आला होता, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. आता ते कुणाला विचारणार?

शेवरवाडीत अजूनही तापाच्या दिवसांत दिवा लागला की प्रत्येक घरातलं एक माणूस उंबऱ्यावर येतं. पहिलं घर हाक देतं, "आम्ही बरे हाय, तुमचं सांगा." दुसरं उत्तर देऊन तिसऱ्याला विचारतं, आणि हाक अशी गावभर फिरते. ज्याला बरं नाही तोही लाज न बाळगता सांगतो, आणि जमेल तेवढं खरं सांगतो. याला चिमाक्काची हाक म्हणतात.

एखाद्या घरातून उत्तर आलं नाही, तर त्या गावात दुसऱ्यांदा हाक मारत नाहीत. हातातलं टाकून सरळ आत जातात.