शिकवण्याचा अनुभव

गार्गीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं हर्षदाने ठरवलं, तेव्हा सासरचे बोलेनासे झाले आणि मैत्रिणी फोन उचलेनाशा झाल्या. शेवटी दाखला मागायला ती लेकीचा हात धरून एकटीच शाळेत गेली.

मुख्याध्यापक खानविलकर सरांनी अर्ज वाचला आणि भोवतालच्या शिक्षकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, डी.एड. झालंय? नाही ना? मग शिकवण्याचा अनुभव तरी किती? तो दाखवा, आत्ता दाखल्यावर सही करतो."

"तीन वर्षं," हर्षदा म्हणाली.

"कुठल्या शाळेत?"

"तुमच्याच."

तिने गार्गीची डायरी उघडून त्यांच्यापुढे सरकवली. पानोपानी वर्गशिक्षिकेचे शेरे होते: पाढे घरी पाठ करून घ्या. धडा घरी समजावून सांगा. भागाकार घरी शिकवा.

"प्रत्येक शेऱ्याखाली तुमची सही आहे, सर."

शिक्षक माना खाली घालून हसले. सरांनी दाखल्यावर सही केली.

दोघी बाहेर आल्या तेव्हा मधली सुट्टी झाली होती. व्हरांड्यात पोरी घोळक्याने डबे उघडून बसल्या होत्या.

"आई, उद्यापासून मी डबा कोणाबरोबर खाऊ?"

"माझ्याबरोबर."

गार्गी घोळक्याकडे बघत म्हणाली, "पण तू तर आई आहेस."