शेवटपर्यंत झालेलं भाषण

“मग मी आता बोलायचं तरी कधी, भंते?”

मंदाकिनी रंगारींनी हे तिसऱ्यांदा विचारलं. भंते विनयबोधी विहाराच्या ओट्यावर बसून फाटलेल्या चीवराला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आदल्याच आठवड्यात मंदाकिनीताई वरिष्ठ सभागृहाच्या सभापती झाल्या होत्या. बिनविरोध. त्याआधी अठरा वर्षं त्या आमदार होत्या, आणि त्यांच्या आवाजाला दचकला नाही असा मंत्री त्या अठरा वर्षांत झाला नव्हता. त्या बोलायला उठल्या की पत्रकार हातातला चहा टाकून धावत येत.

तो आवाज भंतेंनीच घडवलेला. चीवर घेण्याआधी ते भंडाऱ्याकडच्या एका गावात मास्तर होते. सातवीतल्या मंदाला तलावाच्या पाळीवर उभं करून पहिलं भाषण त्यांनीच शिकवलं.

“उद्या तलावांचं विधेयक येतंय,” ताई म्हणाल्या. “तलाव ठेकेदारांकडून काढून मासेमारांच्या संस्थांना द्यायचे, यासाठी मी अठरा वर्षं घसा फोडला. मसुदा माझ्या हातचा. आणि ते येतंय त्याच दिवशी मला खुर्चीत तोंड मिटून बसायचंय. सभापतीला चर्चेत भाग घेता येत नाही.”

“विरोधात कोण बोलणार?”

“दिगंबर शेंडे. दुसरं कोण?”

“काय म्हणेल तो?”

ताई हसल्या. “नेहमीचंच. संस्थांना कारभार जमत नाही, तलाव गाळानं भरतील... ठेकेदारांचा कळवळा, झालं.”

भंतेंनी मान हलवली. “हे तू म्हणतेस. शेंडे काय म्हणेल?”

ताईंनी पुन्हा सुरुवात केली. शेंड्यांचा बसका आवाज, मध्येच खाकरणं, सगळं हुबेहूब.

“हेही तूच.”

“भंते, अठरा वर्षं आम्ही समोरासमोर बसलोय. त्याचा शब्दन्‌शब्द मला पाठ आहे.”

“मग एक वाक्य सांग. त्याचं.”

ताई बोलायला गेल्या...

थांबल्या.

शेंडे उभे राहिलेले आठवत होते. आपण उठून त्यांना अडवलेलं आठवत होतं. बाकांवरच्या थापा, हशा, दुसऱ्या दिवशीचा मथळा, सगळं आठवत होतं. त्यांचं भाषण मात्र एकही शेवटपर्यंत आठवेना. शेवटपर्यंत झालंच नव्हतं.

भंतेंनी दोरा तोडला, चीवराची घडी घातली आणि ते आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सभापतींनी नाव पुकारलं, “सन्माननीय सदस्य श्री. दिगंबर शेंडे.” शेंडे उठले, आणि समोरून एकच गिल्ला झाला. सगळ्यात पुढे होते वैरागडे. ताईंच्याच हाताखाली तयार झालेले आमदार. ते हातवारे करत थेट शेंड्यांच्या बाकापर्यंत जाऊन पोचले.

ताईंच्या जिभेवर एक टोमणा आला. शेंडे जन्मभर विसरले नसते असा. त्यांनी तो गिळला.

आणि त्या उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या.

सभापती उभे राहिले की सभासदांनी बसायचं, असा नियम आहे. एकेक बाक शांत होत गेलं. शेंडेही बसले. वैरागडे तेवढे राहिले.

“ताई, हा माणूस तुमच्या विधेयकाचा गळा घोटायला उठलाय!”

“इथे ताई कुणी नाही. विधेयक सभागृहाचं आहे. जागेवर जा, नाहीतर बाहेर जा.”

वैरागडे जागेवर गेले.

“बोला, शेंडे.”

शेंडे चाचरत बोलू लागले. प्रत्येक वाक्यानंतर थांबत. कुणीतरी अडवेल म्हणून वाट बघत. कुणी अडवेना, तसा त्यांचा आवाज सुटला.

“या विधेयकात संस्थेचा सभासद कोण? ज्याच्या नावावर जाळं आहे तो. म्हणजे पुरुष. गळाभर पाण्यात उतरून शिंगाडे काढतात त्या बाया कुठल्या यादीत आहेत? ठेकेदाराला शिंगाड्यांशी घेणंदेणं नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना हाकललं नाही. संस्था हाकलेल. माझी आई शिंगाडे काढायची, महोदया. हे सांगायला मी नऊ वर्षांपूर्वीही उभा राहिलो होतो. दोन वाक्यांवर बसावं लागलं.”

त्या बायका ताईंनी लहानपणापासून पाहिल्या होत्या. तरी मसुद्यात त्या नव्हत्या.

बोलावंसं फार वाटलं. त्या बोलल्या नाहीत. वेळ संपल्याची घंटा वाजवायला चिटणिसांनी हात उचलला, तो त्यांनी खुणेनं थांबवला.

मंत्री अधिकाऱ्याच्या कानाशी लागले. थोड्या वेळानं उठले आणि म्हणाले, दुरुस्ती मान्य आहे. शिंगाडे काढणाऱ्या बायकाही सभासद होतील.

विधेयक मंजूर झालं. एकाही सदस्याचा विरोध नव्हता.

सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत शेंड्यांचा फोटो होता. सभापतींचं नाव आतल्या पानावर, एका ओळीत.

रविवारी ताई विहारात गेल्या. भंतेंना वंदन करून समोर बसल्या. चेहरा उजळलेला होता, तरी कुठेतरी थोडं लागलेलंही होतं.

“विधेयक झालं, भंते.”

“समजलं.”

“चांगलं झालं. माझ्या मसुद्यापेक्षा चांगलं झालं.” मग त्या हसून म्हणाल्या, “पण अठरा वर्षांत पहिल्यांदाच असं झालं बघा. एवढ्या मोठ्या चर्चेत माझा आवाज कुणाला ऐकूच आला नाही.”

भंतेंनी त्यांच्याकडे पाहिलं...

“आला की. शेंडे वीस मिनिटं बोलले.”