शाहीर मध्येच खाली बसले

गायक होता एक, आणि तो आपल्याच माणसांना वैतागला होता. लोकगीतांना गिटारची जोड देणारा चौघांचा बँड त्याने नऊ वर्षांपूर्वी काढला. पोवाडे, ओव्या, जात्यावरची गाणी ते नव्या ढंगात गात. कोणाच्याही आश्रयाविना, लहान सभागृहांतून आणि महाविद्यालयांतून त्यांनी आपला श्रोता मिळवला होता. आता एका मोठ्या कंपनीचे बोलावणे आले होते. मात्र एकट्या गायकाला. मागच्या तिघांचे वादन यंत्रावर आधीच मुद्रित करून ठेवू, असे कंपनीचे म्हणणे. शनिवारपर्यंत उत्तर हवे होते.

उत्तर त्याच्या मनात ठरलेलेच होते. असे ठरलेले मन घेऊन माणसे वडीलधाऱ्यांकडे सल्ला मागायला का जातात, हे मला आजवर उमगलेले नाही. त्यांना सल्ला नको असतो, सहीशिक्का हवा असतो. हाही तसाच, ज्यांच्याकडे पोवाडा शिकला त्या वृद्ध शाहिरांच्या दारी जाऊन उभा राहिला.

"तात्या, नऊ वर्षं सोसलं," तो म्हणाला. "ढोलकीवाला मुजावर एकदा वेळेवर येईल तर शपथ. गिटारवाला सुधन्वा प्रत्येक चालीवर वाद घालतो. आणि केतकी, व्हायोलिन वाजवते ती, सगळ्यांसमोर माझ्या चुका काढते. लोक माझा आवाज ऐकायला येतात हो! हे तिघं नुसते मागे उभे असतात."

कंपनीचे बोलावणे, यंत्रावरचे वादन, सगळे सांगत तो अर्धा तास बोलत होता. तेवढ्यात शाहिरांनी दोनदा जांभई दिली.

"झालं का?" ते म्हणाले. "आता माझं ऐक. उद्या सकाळी शाळेच्या पटांगणावर पोवाडा हाय. तू गायचा. मी मागं झील धरतो."

शाहिराची ओळ संपली की मागचे साथीदार 'जी जी जी' असा लांब सूर ओढतात, ती झील. गुरूने शिष्याच्या मागे उभे राहायचे म्हणजे काय! गायक संकोचला, पण म्हाताऱ्यापुढे कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी पटांगण भरले. पोवाड्याचे पहिले दोन चौक, म्हणजे कडव्यांचे पहिले दोन टप्पे, छान रंगले. तिसऱ्या चौकात, लढाई ऐन भरात आली असताना, शाहीर खाली बसले, पानाची चंची सोडली आणि निवांतपणे सुपारी कातरू लागले. गायकाने ओळ संपवली. मागून काहीच आले नाही. त्याने पुढची ओळ घेतली, मग तिच्या पुढची. पाचव्या ओळीला दम तुटला, सहावी काही केल्या आठवेना. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी किल्ला सर होण्याआधीच त्याने पोवाडा आटोपता घेतला.

मंचामागे येताच त्याचा संयम सुटला. "तात्या, चारचौघांत माझी फजिती केलीत! याच्यापेक्षा मशीन परवडलं. ते असं मध्येच खाली बसत नाही."

"बसत न्हाई," शाहीरही उसळले, "पर तुझ्यासाठी थांबतंय का? आरं, झील काय गाणं नटवायला असती व्हय? तेवढ्यात गाणाऱ्यानं दम घ्यायचा, म्होरली वळ आठवायची. तुझ्या मानंची शीर बघून मला कळतं, दम सरला का न्हाई ते. सरला असला की मी सूर लांबवतो, तुझी वळ तयार असली की सोडून देतो. चाळीस वर्षं माझा धाकला भाऊ माझ्यामागं हेच करत हुता. त्यो गेला, तवा मला समजलं, आपल्याला येवढा दम कधी नव्हताच. तुझं तोंड लोकांकडं. मागं काय चाललंय ते तुला दिसायचं कसं?"

गेल्या वर्षी एका महोत्सवात गायक मधले कडवे साफ विसरला होता. मुजावरने ढोलकीची चार आवर्तने जास्त वाजवली, केतकीने त्यावर एक लांब सूर धरला आणि तेवढ्यात त्याला कडवे आठवले. त्या जागेला प्रचंड टाळी पडली. नंतर मुलाखतीत त्याने सांगितले होते, "ती जागा मला ऐन वेळी सुचली." तिघांपैकी एकानेही त्याला खोटे पाडले नव्हते. आता ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी त्याने कंपनीला कळवले, येऊ तर चौघेही येऊ. कंपनी 'विचार करून सांगतो' म्हणाली आणि पुन्हा तिचा फोन आला नाही. याचे त्याला वाईट वाटले, फार वाटले. मुजावर अजूनही उशिराच येतो आणि त्यावरून अजूनही कडाक्याचे भांडण होते. फरक इतकाच, की गाताना तो आता तिरका उभा राहतो; अर्धे तोंड लोकांकडे, अर्धे मागच्या तिघांकडे. आयोजक दर वेळी करवादतात, "अहो, लोकांकडे बघून गा की!" तो मान डोलावतो आणि तिरकाच उभा राहतो.