हेमलताबाईंची शंभरावी डबी

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे गावोगावी सापडतात, पण हा माल अस्सल होता. नाव निवृत्ती. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. ‘दूध उतू जातंय का बघा’ म्हटलं की बघायचा. सगळं उतू जाईपर्यंत बघायचा.

त्याची बायको हेमलता शाळेत भूगोल शिकवायची. तिला डब्या शोधायचा नाद होता. लोक कुठे कुठे रानात, देवळापाशी डब्या लपवून ठेवतात आणि जागा इंटरनेटवर टाकतात. दुसरे लोक मोबाइल धरून त्या शोधत फिरतात. सापडल्यावर काय मिळतं? काही नाही. आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तिथं ठेवून यायचं. अशा नव्व्याण्णव डब्या हेमलताने शोधल्या होत्या. शंभरावी कोकणात वेळणखोलला होती, म्हणून सुट्टीत दोघं वेळणखोलला गेली.

तिथे मोबाइलला इंटरनेट नव्हतं. हेमलता हुशार, तिने खूण आधीच कागदावर उतरवून घेतली होती. पण पहिल्याच दिवशी ती भाड्याच्या खोलीच्या पायऱ्यांवरून घसरली. घोटा टम्म फुगला. चार दिवसांची सुट्टी, आणि शंभरावी डबी राहणार म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

निवृत्तीला बायकोचं रडणं बघवेना. तो म्हणाला, “मी जातो. काय करायचं ते सांग.”

हेमलताने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. दुसरा इलाज नव्हता.

“देवळामागे जा. दगडाखाली डबा असेल. उघडा, आत माझं नाव लिहा, बंद करा, या.”

निवृत्ती गेला. देवळामागे झिलू रंगारी भिंत रंगवत होता. त्याने जेवणाचा डबा सावलीत ठेवला होता आणि कावळ्यांनी पाडू नये म्हणून झाकणावर दगड. निवृत्तीने पाहिलं. दगड आहे. दगडाखाली डबा आहे. उघडला. आत कागद नव्हता, पण तांदळाची भाकरी होती, पांढरीशुभ्र. त्याने पेन काढलं आणि भाकरीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘हेमलता’. डबा बंद केला, आला.

दुपारी झिलूची बायको गावभर विचारत खोलीच्या दारात. मागे झिलू, मान खाली घालून.

“ही हेमलता कोण ती बाहेर येऊ दे आधी!” ती ओरडली. “भाकरी माझी, नवरा माझा, आणि नाव हिचं?”

तिची समजूत काढता काढता हेमलताला संध्याकाळ झाली. मग ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, डबा उघडण्याआधी तो कुणाचा आहे ते विचारावं माणसाने!”

“बरं. विचारतो,” निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. या खेपेला देवळामागच्या दीपमाळेच्या पायथ्याशी चपट्या दगडाखाली त्याला खरीच डबी मिळाली. छोटी, हिरवी. त्याला फार आनंद झाला. पण विचारायचं विसरला नाही. डबी डोक्यावर धरली आणि देवळापुढे उभं राहून ओरडला, “ही डबी कुणाची?”

पारावर येसूआजी बसली होती. ती म्हणाली, “माझी रे बाबा. तंबाखूची. कधीपासून शोधत्ये.”

“घ्या,” निवृत्ती म्हणाला.

हेमलताने कपाळावर हात मारला. “अहो, खेळातली डबी कुणाला दाखवायची नसते! कुणी येताना दिसलं की ती लपवायची, खाली वाकायचं आणि नाडी बांधत बसायचं. म्हणजे कुणाला संशय येत नाही. जा, उद्या ती परत आणा!”

“नाडी बांधायची,” निवृत्ती पुटपुटला. पाठ केलं.

तिसऱ्या दिवशी येसूआजीने डबी खुशाल परत दिली. “नुसता कागूद आहे आत,” ती म्हणाली. “मेला तंबाखूचा वासही नाही.”

निवृत्ती डबी घेऊन निघाला. तेवढ्यात देवळातून भजनी मंडळाच्या बायका बाहेर पडल्या. पंधरा-वीस जणी. निवृत्तीने डबी झटकन शर्टात लपवली आणि खाली वाकला. पाहतो तर पायात चपला. चपलांना नाडी कुठली? तो घाबरला नाही. पायजम्याला नाडी होती. फक्त ती बांधलेली होती, आणि बांधायची तर आधी सोडायला हवी.

त्याने सोडली.

बायकांनी टाळ टाकले आणि किंकाळ्या मारत पळाल्या. निवृत्तीने सावकाश नाडी बांधली. दोन गाठी मारल्या. आजूबाजूला पाहिलं, कुणीच नव्हतं. बायको म्हणाली ते खरं, त्याला वाटलं. कुणाला संशय आला नाही.

तो डबी घेऊन थेट खोलीवर आला. हेमलताने ती उघडली, कागदावर नाव लिहिलं. शंभर! भजनी मंडळाचं तिला अजून कळलं नव्हतं, म्हणून तिने नवऱ्याला प्रेमाने जवळ बसवलं.

“आता ही नेऊन ठेवा. आणि एक कायम लक्षात ठेवा. आपण जे जिथून उचललं, ते एक दिवस तिथंच नेऊन ठेवायचं. जसंच्या तसं, नेमक्या जागी. आपलं म्हणून ठेवून घेतलं तर ती चोरी.”

“काहीही उचललेलं असलं तरी?”

“काहीही.”

निवृत्तीने डबी नेऊन दीपमाळेशी ठेवली. बरोबर ठेवली. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही. अकरा वर्षं झाली, आणि इतकी साधी गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही, याचं त्याला वाईट वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी दोघं एसटीत बसली. घोटा ठणकत होता, म्हणून हेमलताने गोळी घेतली होती. ती गाढ झोपली. एका फाट्यावर निवृत्तीने तिला अलगद पाठुंगळीला घेतलं आणि उतरला.

“आलं का घर?” तिने झोपेतच विचारलं.

“आलं,” तो म्हणाला. कुणाचं, ते तिने विचारलं नाही, म्हणून त्यानेही सांगितलं नाही.

हेमलताचे वडील अंगणात सुपारी कातरत बसले होते. मुलीला पाठीवर घेऊन आलेला जावई बघून ते ताडकन उठले. “जावईबापू! काय झालं?”

“मामा, आधी सांगा, आमच्या लग्नाचा मांडव नेमका कुठं होता?”

“मांडव? तो तिकडं, गोठ्याच्या पलीकडं. आता तिथं शेणखताचा ढीग आहे. का?”

निवृत्ती गोठ्याच्या पलीकडे गेला. ढिगाच्या बरोबर मधोमध त्याने हेमलताला हळूच उतरवलं. पदर नीट केला. उशाशी पिशवी ठेवली. मग दोन पावलं मागे येऊन जागा बरोबर आहे ना ते एकदा पाहिलं आणि सासऱ्यांपुढे हात जोडले.

“अकरा वर्षांपूर्वी इथूनच उचलली होती, मामा. फक्त घोटा तेवढा सुजलाय. बाकी जशीच्या तशी आहे, बघून घ्या.”