महाराजांचं पथ्य, भटजींच्या पोटात

खडकवणे संस्थानचे भुजंगराव महाराज स्वतः कधीच उपास करत नसत. त्यांच्या वतीने उपास करायला धोंडभट नेमलेले होते. एकादशीला भटजी उपाशी राहायचे आणि पुण्य महाराजांना लागायचं.

पुढे मिरचीची भजी खाऊन खाऊन महाराजांना आम्लपित्त जडलं. घशाशी आंबट यायचं, छातीत आग व्हायची. वैद्य सगुणाबाईंना बोलावणं गेलं. त्या म्हणाल्या, "महिनाभर तळलेलं बंद. साळीच्या लाह्या, मुगाची खिचडी, धण्याचं पाणी आणि सकाळी मोरावळा."

महाराजांनी ताबडतोब धोंडभटांना पथ्यावर बसवलं आणि स्वतः भज्यांचं ताट पुढ्यात ओढलं.

महिन्याभरात धोंडभटांचं वीस वर्षांचं पित्त गेलं. म्हातारा घोड्यासारखा तरतरीत दिसू लागला. महाराज मात्र भर दरबारात भजी खाता खाता करपट ढेकर देऊन गरजले, "पथ्य इतकं काटेकोर पाळलं, तरी गुण नाही! या बाईंना आठ दिवस कोठडीत टाका!"

"जशी आज्ञा," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या आणि शेजारी लाह्या खात बसलेल्या धोंडभटांकडे वळल्या. "भटजी, माझ्या वतीने तुम्ही जा कोठडीत."

"असं कसं?" महाराज ओरडले. "शिक्षा ज्याची त्यानेच भोगायची असते!"

"मग महाराज, पोट कोणाचं आहे?"

महाराजांनी बराच वेळ भज्यांकडे पाहिलं. मग धोंडभटांच्या हातातल्या लाह्या ओढून घेतल्या आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"खा," ते खिन्नपणे म्हणाले, "आमच्या वतीने."