भाचीसकट अलाइनमेंट

"मग तीन वेळा मशीन खोटं बोललं का, चाचा?"

धैर्यशीलने विचारलं ते गाडीत बसूनच. सीट मागे पार झोपवलेली, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर. चार महिन्यांपूर्वी स्प्रिंगा बदलून त्याने गाडी इतकी खाली आणली होती की कागल नाक्यावरच्या मांजरांनी तिच्याखाली झोपणं सोडलं होतं.

बाबालालचाचा हात पुसत गॅरेजच्या दारातून गाडीपाशी आले. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करणारा हा माणूस आधी गाडीभोवती एक फेरी मारायचा, मग तोंड उघडायचा.

फेरी झाली. गाडी त्यांना आवडली, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"झ्याक दिसतीया की रं!"

धैर्यशील फुलला. "तेवढंच आईला फोन करून सांगा. बाकी काही काम नाही."

काम तसं मोठं होतं. त्याची बहीण राजलक्ष्मी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि रविवारी दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन आजऱ्याला, सासरी निघणार होती. भाची पहिल्यांदा आपल्या घरी जाईल ती मामाच्या गाडीतून, हे धैर्यशीलने ती जन्मायच्या आधीच जाहीर केलं होतं. आई म्हणाली होती, त्या जमिनीला चिकटलेल्या गाडीत माझी नात बसणार नाही. बाबालालभाऊ 'हो' म्हणाले तरच.

"तीन वेळा अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी चढवली, सगळे आकडे हिरवे आले, चाचा. तरी जो तो म्हणतो टायर गेले. बघा तुम्हीच, नव्यासारखे आहेत."

टायर खरंच काळेभोर चमकत होते.

"उतर खाली. डोळं मीट. हात दे."

चाचांनी त्याचा तळवा पुढच्या टायरवर ठेवला आणि बाहेरच्या कडेकडून आत सरकवला.

"बोचतंय."

तोच हात त्यांनी उलटा, बाहेर आणला.

"आता मऊ लागतंय."

"आता पार आत जा. शेवटपतुर."

बोटं आतल्या कडेला पोचली आणि त्याने झटकन हात काढून घेतला. रबर संपून तार बाहेर आली होती.

...

"रोज पुसतोस टायर?"

"रोज सकाळी."

"कुठनं?"

धैर्यशीलने बोट चोळलं. "...बाहेरून."

चाचा हसले. इतके हसले की डोक्यावरची टोपी हाताने धरावी लागली.

धैर्यशीलला मात्र हसू येईना. "म्हणजे तुम्ही आईला नाही म्हणून सांगणार."

"मशीन खरंच बोललं रं बाबा. त्यानं रिकामी गाडी मोजली. तू गाडी खाली केलीस, चाकांनी डोकी आत घातली. वर माणसं बसली की ती आणखी दबती, आणखी तिरकी पळती, म्हनून हात एका बाजूनं बोचतो. मग आतली कड घासंल न्हाईतर काय हुईल?"

"मग परत वर उचलू गाडी?" आवाज एवढासा झाला होता.

"दोन बोटं उचल. बाकी हौस ऱ्हाऊ दे. पुढचं दोन टायर नवं घाल. आन् उद्या सकाळी, रविवारी जी माणसं बसणार ती समदी घेऊन ये."

"तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या टाकल्या तर चालतील ना?"

"आजऱ्याला गोण्या न्यायच्या हायत?"

...

दुसऱ्या दिवशी दोन बोटं वर उचललेल्या, नव्या टायरांच्या गाडीतून सगळे आले. आई मागच्या सीटवर, खिडकीवरची कडी घट्ट धरून. शेजारी राजलक्ष्मी. तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली भाची, गालावर तीट. पुढे धैर्यशील.

चाचांनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सूत ताणलं, एका डोळ्याने पाहिलं आणि पाना घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरले.

पाना वाजला तशी भाची जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं.

"बाळाला तेवढं बाहेर घेऊ का, भाऊ?" आईने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, वहिनी. माप चाललंय."

आणि खड्ड्यातून चाचांनी जिभेने टक् टक् आवाज काढायला सुरुवात केली. भाची गप्प झाली. मग हसली. मग राजलक्ष्मी हसली, आणि आईही, पण कडी न सोडता.

चाचा घामाघूम होऊन वर आले.

"एक चक्कर मार. त्या गतिरोधकावरनं."

धैर्यशीलने आरशात पाहिलं. भाची त्याच्याकडेच टक लावून होती. त्याने सीट सरळ केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले.

गतिरोधक आला. रोज या जागी गाडीचं पोट खर्रकन घासायचं आणि पानपट्टीवरची माणसं वळून बघायची. त्याने वेग कमी केला, गाडी तिरकी घेतली, एकेक चाक अलगद चढवलं आणि अलगद उतरवलं.

पानपट्टीवर कुणीही वळलं नाही. मागे भाची झोपली.

गॅरेजपाशी गाडी थांबली तेव्हा आईचा हात कडीवर नव्हता.

"रविवारी किती वाजता निघायचं रे?" ती म्हणाली.

धैर्यशीलला इतका आनंद झाला की त्याला काय करावं कळेना. त्याने काच खाली केली.

"चाचा, तुमचं सगळं पटलं बघा! पण खरं सांगा, चार किलोच्या पोरीनं अलाइनमेंटमध्ये असा काय फरक पडला?"

चाचांनी सरळ उभ्या सीटकडे पाहिलं. गाडी बंद झाली तरी स्टिअरिंगवर तसेच असलेले त्याचे दोन्ही हात पाहिले. सुताची गुंडाळी हळूच खिशात टाकली.

"गाडीच्या? काय बी न्हाई."